इस्तावा

येळवस करून परवा पुण्याला परतले. पिशवीत आईने दिलेला भज्जीचा डबा, बाजरीचे चार उंडे आणि तळाशी, कपड्यांच्या घडीत, २०२५ ची डायरी. डायरी मी मुद्दाम गावी नेली होती. कोपीत निवांत बसून सरत्या वर्षाचा हिशोब लिहायचा, असं मनाशी धरलं होतं. तिथे ती पिशवीतून बाहेरसुद्धा आली नाही.

लातूर-धाराशिवकडच्या माणसाला येळवस सांगावी लागत नाही. इतरांसाठी एवढंच सांगते, की मार्गशीर्ष अमावस्येला आमच्याकडे गावंच्या गावं रानात जातात. कडब्याची कोप उभारतात, आत चुना लावलेले पाच दगडांचे पांडव मांडतात, भज्जी, उंडे, खीर, आंबील असा नैवेद्य दाखवतात आणि ती आंबील उभ्या पिकावर शिंपडतात. लातूर शहराचे रस्ते त्या दिवशी ओस पडतात. ज्याला स्वतःचं रान नाही त्यालाही कुणी ना कुणी जेवायला नेतंच. यंदा येळवस होईल की नाही असं सप्टेंबरात वाटत होतं. झाली. कोपीशेजारी हरभरा घोट्याएवढा होता आणि माझ्या वडिलांनी, अण्णांनी, त्याच्यावर आंबील शिंपडली.

डायरी उघडली ती इथे, होस्टेलच्या खोलीत, रात्री. पहिल्याच पानावर १ जानेवारीला लिहिलेले सात संकल्प. अक्षर इतकं सुबक की तेव्हाची मी त्यात दिसते. सेटचा, म्हणजे प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षेचा, अख्खा अभ्यासक्रम संपवायचा. मोडी लिपी शिकायची. छत्तीस पुस्तकं वाचायची. रोज पहाटे पाचला उठायचं. इंग्रजीत न अडखळता बोलायचं. शोधप्रकल्पाचं पहिलं प्रकरण दिवाळीपर्यंत सरांच्या हातात द्यायचं. आणि सातवा, ज्याच्याखाली दोन रेघा मारल्यात: वर्षभर अण्णांकडून एक रुपयाही घ्यायचा नाही.

पाचचा गजर फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत टिकला. पुस्तकं चौदा झाली. सेटच्या इतिहासाच्या अभ्यासक्रमाचे दहा घटक आहेत, त्यातले चार नीट झाले, पाचवा अर्धा. बसलेल्यांपैकी साधारण सहा टक्केच पात्र ठरतात अशा परीक्षेला चार घटक घेऊन बसता येत नाही, हे मला कळतं. इंग्रजीचं म्हणाल तर विभागातल्या चर्चासत्रात एकदा उभी राहिले. दोन वाक्यं बोलले आणि तिसऱ्याला मराठीत आले. सरांनी मराठीत पुढे बोलू दिलं. त्यांचे उपकार मानते, पण खाली बसल्यावर पुढचा तासभर मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

हे सगळं दोन मिनिटांत वाचून झालं. अडकले ती मोडीपाशी आणि त्या सातव्या ओळीपाशी.

मोडीचं आधी सांगते, कारण वर्षभरात मला सगळ्यात जास्त आनंद तिने दिला. सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ, जे इतिहासाचार्य राजवाडे आणि मेहेंदळे यांनी १९१० मध्ये स्थापन केलं, तिथे मोडीचा वर्ग चालतो हे मला बी.ए.ला असतानाच माहीत होतं. एम.ए.ला पुण्यात आल्यावर गणेशखिंडीतून बस पकडून जायचं तेवढं राहिलं होतं. यंदा गेले.

मोडीत पहिल्यांदा अक्षर काढत नाहीत, पहिल्यांदा रेघ काढतात. कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एक सलग आडवी रेघ. मग तिला खालून अक्षरं टांगत जायचं, हात शक्यतो न उचलता. देवनागरीत आपण शब्द लिहून वर रेघ ओढतो. इथे काय लिहायचं ते ठरायच्या आत रेघ तयार असते. पहिले कित्येक दिवस माझी रेघच सरळ येत नव्हती. टाकाचं टोक तिरकं कापलेलं, ते योग्य कोनात धरलं तरच रेघ जाड-बारीक होते. जरा मनगट वळलं की शाई फुटते. शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. ओळ म्हणजे एक वाहता ओढा. त्यात शब्द कुठे संपला ते अर्थ कळल्यावरच कळतं, आणि अर्थ शब्द सुटल्यावर. या पेचात मी मार्च, एप्रिल काढले.

सरावाच्या छायाप्रतीवर मी स्वतःच्या बळावर वाचलेला पहिला शब्द होता ‘सन’. म्हणजे वर्ष. त्यापुढे जे होतं ते वाचता आलं, पण समजलं नाही: इहिदे, सबैन, मया, अलफ. जुन्या मराठी कागदांत साल असं अरबी आकड्यांच्या नावांनी लिहीत. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. पानिपत झालं १४ जानेवारी १७६१ ला. कागदांच्या हिशोबात ते साल ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे ११६१. याला शुहूर सन म्हणतात. पण त्याचं दुसरं नाव मला जास्त आवडलं. ते आहे मृगसाल. सूर्य मृग नक्षत्रात गेला की, जूनच्या पहिल्या आठवड्यात, हे साल पालटायचं. म्हणजे ज्या दिवशी कुणबी आभाळाकडे बघायला लागतो त्या दिवशी सरकारी दफ्तराचंही नवं पान. आज ती गणना चालू असती तर १४२६ लागून सहा महिने झाले असते आणि आत्ता डिसेंबरात कुणी नवीन वर्षाच्या गोष्टी केल्या नसत्या.

हे मी वर्गातून परतताना बसमध्ये अण्णांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, “मग आपलं साल तेच हाय की. आपुन कुठं बदललंय?”

खरंच आहे. आमच्या घरात भिंतीवरचं कॅलेंडर जानेवारीत बदलतं आणि सालगड्याचं साल पाडव्याला ठरतं, पण घराचं वर्ष मृगापासूनच धरतात. ‘औंदा’ म्हणजे या पेरणीपासून पुढच्या पेरणीपर्यंत.

औंदा त्या सालाची सुरुवातच विस्कटली. २०२५ चा पाऊस मृगाची वाट न बघता मे महिन्यातच आला. केरळात २४ मेला मोसमी पाऊस पोचला आणि दोन दिवसांत मुंबईत. आमच्याकडे मेभर वळवाने रान ओलंच ठेवलं. उन्हात नांगरट तापावी, ढेकळं फुटावीत, पाळी घालावी, हे काही झालं नाही. तण मात्र माजलं. मग जूनच्या सुरुवातीला, ऐन मृगात, पावसाने ताण दिला. वाफसा नीट कधी आलाच नाही. वाफसा शहरातल्या वाचकांनाही माहीत असेल, तरी सांगते: रानात चिखलही नाही आणि कोरडही नाही अशी मातीची अवस्था. अण्णा चार बोटं खोल माती उकरतात, मुठीत दाबतात आणि सोडतात. गोळा झाला आणि पडल्यावर सुटला तर वाफसा. हाताला चिकटला तर थांबायचं. कृषी विभाग सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. अण्णांची मूठही साधारण तेच सांगते. त्यांनी उशिरा, धाकधुकीत, अडीच एकर सोयाबीन पेरलं.

आणि सप्टेंबरात मांजरा नदी रानात आली.

ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्याच लातूर जिल्ह्यात आमच्या रानावर सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कंबरभर पाणी होतं. २०१६ ला मी शाळेत होते; टँकरपुढे घागर लावून बसल्याचं आठवतं. यंदा मी जयकर ग्रंथालयात बसून मोबाइलवर चुलतभावाने पाठवलेली चित्रफीत बघत होते आणि आमचा बांध कुठला तेच ओळखू येत नव्हतं. फोन केला तर अण्णा म्हणाले, “तू येऊ नको. रस्ता न्हाई.” आवाज नेहमीचा. मागे आई काही बोलत होती, तिला त्यांनी हातानेच गप्प केलं असावं.

दसऱ्याला गेले. पाणी ओसरलं होतं. सोयाबीन उभं होतं, पण काळं पडलेलं, आणि सगळ्या रानाला आंबूस वास. मी एक शेंग तोडून उघडली. आत तीन दाणे. तिन्ही फुगलेले, साल सुटलेली, आणि तिघांनाही पांढरे कोंब. एका कोंबाचं टोक शेंगेला भोक पाडून बाहेर आलेलं. किती व्यवस्थित उगवले होते ते. आठ महिन्यांनी, वाळून, पोत्यात भरून, पुढच्या मृगाला जे व्हायचं ते झाडावरच होऊन गेलं होतं. मी शेंग अण्णांना दाखवली. त्यांनी ती घेतली, बघितली आणि खिशात टाकली. का टाकली ते मी विचारलं नाही.

चांगल्या साली एकरी सात-आठ क्विंटल देणाऱ्या रानात सगळे मिळून पाच पोती निघाली, तीही डागी. हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. डागी मालाला तो कोण देणार?

आता सातवी ओळ.

अण्णांकडून पैसे घ्यायचे नाहीत, हे मी का ठरवलं होतं ते सांगायला हवं. विद्यापीठात ‘कमवा आणि शिका’ योजना आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेच्या मुलांना श्रमावर शिकवलं, त्याच विचारातली. मी त्यात रोज काम करते, नोंदवह्या, फाइली, कधी झाडांना पाणी. शिवाय एका आठवीतल्या मुलीची शिकवणी. महिना कसाबसा निघतो. मला वाटायचं, दर महिन्याला गावाकडून येणारे हजार-दोन हजार थांबले की अण्णांच्या डोक्यावरचं तेवढं ओझं उतरेल. जानेवारी ते सप्टेंबर मी एक रुपया घेतला नाही. प्रत्येक महिन्याच्या शेवटी डायरीत बरोबरची खूण आहे. नऊ खुणा. सात संकल्पांतला एवढाच एक तडीस जात होता.

दसऱ्याहून परत निघाले तेव्हा एसटीत बसल्यावर अण्णा खिडकीशी आले आणि दोन हजार रुपये पुढे केले. मी नको म्हणाले. अण्णा, यंदा नको, माझं भागतंय. त्यांनी हात मागे घेतला नाही. बाहेर आई उभी होती, ती म्हणाली, “घे गं. बापाला देऊ दे की कायतरी.”

मी घेतले. गाडी सुटल्यावर डोळ्यांतलं पाणी थांबेना. औशाच्या पुढे आल्यावर डायरी काढली आणि दहाव्या महिन्यापुढे खूण करायच्या जागी काहीच केलं नाही. ती जागा अजून कोरी आहे.

त्या दिवसापासून मला ती सातवी ओळ टोचत राहिली. संकल्प मोडला म्हणून नव्हे. मी तो केलाच कसा म्हणून. ज्याचं रान गेलं, पीक गेलं, त्याच्या हातात मुलीला द्यायला दोन हजार रुपये आहेत एवढीच एक गोष्ट त्या दिवशी शाबूत होती. ओझं कमी करायच्या नावाखाली मी त्यांना बाप म्हणून उरलेलं कामही काढून घ्यायला निघाले होते. जानेवारीत ते लिहिताना मी त्यांना विचारलं नव्हतं.

एवढं झाल्यावर येळवशीच्या दिवशीची गोष्ट.

माझ्या शोधप्रकल्पाचा विषय आहे पडीक जमिनी लागवडीला आणण्यासाठी पेशवाईत दिलेले कौल. कुठे स्वारीत गाव उजाड झालेलं, कुठे दुष्काळात कुळं परागंदा झालेली, रान पडीक. ते पुन्हा वहितीला यावं म्हणून सरकार कुणब्याला कौल देई: ये, जमीन कर, सारा एकदम मागणार नाही. पहिल्या साली अगदी थोडका, दुसऱ्या साली थोडा जास्त, असं चढत चढत पाच-सात वर्षांनी पूर्ण दर. या चढत्या आकारणीला इस्तावा म्हणतात. हा शब्द मी गेले आठ महिने रोज वाचते आहे. टिपणांत शेकडो वेळा लिहिला असेल.

जेवणं झाल्यावर कोपीत अण्णा आडवे झाले होते. मी असाच एका कौलाचा मजकूर त्यांना वाचून दाखवला. त्यांना मोडीतलं मी वाचते याचं अप्रूप आहे. इस्तावा म्हणजे काय तेही सांगितलं. मला वाटलं, सरकारची दया वगैरे काही म्हणतील. ते उठून बसले.

“दया कसली त्यात? बरोबरच हाय. पडीक रान पहिल्या सालाला काय देणार? हराळी आन् कुंदा मोडण्यातच साल जातंय. ज्यानं हे लिवलं त्याला रान कळत व्हतं.”

मी आठ महिन्यांत या शब्दाकडे महसुलाची सवलत म्हणून पाहत होते. सवलत म्हणजे घेणाऱ्याचा कमीपणा, देणाऱ्याची मेहेरबानी. अण्णांना त्यात मेहेरबानी दिसलीच नाही. त्यांना त्यात मोजमाप दिसलं. पहिल्या वर्षीचं खरं उत्पन्न म्हणजे मोडलेली हराळी. ती खळ्यावर येत नाही, मापात भरत नाही, पण ती मोडली नाही तर सातव्या वर्षीही काही यायचं नाही. आणि हराळी एकदा काढून संपत नाही. मुळाचा एक तुकडा राहिला की पुन्हा फुटते.

परवा रात्री डायरीतले सात संकल्प वाचताना हेच डोक्यात होतं. माझी इंग्रजी काय होती? पडीक रान. बारावीपर्यंत वर्गात कुणी इंग्रजीत एक वाक्य बोललेलं मी ऐकलं नव्हतं. त्या रानाकडे मी पहिल्याच साली पूर्ण दराने सारा मागितला, न अडखळता बोलण्याचा, आणि दोन वाक्यांवर ते थांबलं तेव्हा त्यालाच दोष दिला. पण ती दोन वाक्यं पहिल्या सालाची होती. मोडीत मात्र, नकळत, मी इस्ताव्यानेच गेले. दोन महिने नुसती रेघ. मग स्वर. मग ‘सन’. तिथे मी स्वतःकडे काही मागितलंच नव्हतं, कारण किती मागायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. म्हणून ती आली. आता आठवड्याला एक कागद सुटतो. अडखळत, चुकत, पण सुटतो.

माझ्या बरोबरीची किती तरी मुलं सदाशिव पेठेतल्या, नव्या पेठेतल्या अभ्यासिकांतून बसलेली मी बघते. खुर्चीमागे भिंतीला चिकटवलेला कागद, त्यावर पदाचं नाव आणि साल. त्यांच्यातली बहुतेक आमच्यासारख्याच घरांतून, पहिल्यांदाच शिकणाऱ्या पिढीतून आलेली आहेत. ज्या रानात पिढ्यान्‌पिढ्या पुस्तक शिरलं नाही तिथून दोन वर्षांत पूर्ण सारा मागितला जातो, घरून, गावातून, आणि सगळ्यात जास्त स्वतःकडून. त्यांतल्या कुणी हराळी मोडली, त्याची नोंद कुणीच ठेवत नाही. निकालाच्या यादीत तो रकाना नसतो. मला हे बघवत नाही, एवढं मनापासून सांगते.

नव्या डायरीचं पहिलं पान मी आज लिहिलं. आधी पानभर आडवी रेघ मारली, मोडीसारखी. त्याखाली यंदाची मागणी. इंग्रजी: विभागात एक टिपण लिहून नेऊन वाचायचं, बघून वाचलं तरी चालेल, बोलणं पुढच्या साली. सेट: उरलेले सहा घटक, मृगापर्यंत तीन. पुस्तकांचा आकडा लिहिला नाही. पहाटेचा गजर लावत नाही. माझा अभ्यास रात्री होतो, तो तसाच होऊ दे. शोधप्रकल्पाचं पहिलं प्रकरण सरांना दिवाळीत दिलं नव्हतं, ते संक्रांतीपर्यंत देणार आहे. त्याचे दोन भाग लिहून झालेत. पैशांच्या ओळीत लिहिलं: खानावळ आणि पुस्तकं माझी, बाकी अण्णा देतील ते घ्यायचं. प्रत्येक ओळीपुढे चार रकाने आखले, चार सालांचे, आणि पहिला सोडून बाकी रिकामे ठेवले.

लिहीत असतानाच अण्णांचा फोन आला. हरभऱ्याला ढगाळ हवा बाधेल का म्हणून ते काळजीत होते. घाटेअळीसाठी रानात पक्षिथांबे रोवून आलेत. भज्जी संपली का, विचारलं. थोडी उरलीय, मी म्हणाले. खोलीतल्या सोलापूरच्या मुलीने आणि मी दोन दिवस पुरवली. मग अण्णा जरा थांबून म्हणाले,

“त्या कागदातल्या माणसाचं पुढं काय झालं गं?”

“कुठल्या?”

“त्याच की, कौलवाल्या. सातव्या सालापोतर टिकला का? भरला का सारा?”

“त्या कागदात नाही अण्णा ते. कौल दिला तेवढंच आहे.”

“मग पुढचा कागद असंल की कुठंतरी.”

असेलही. पुराभिलेखागारात, ज्याला लोक अजून पेशवे दफ्तरच म्हणतात, फडक्यांत बांधलेले रुमालांवर रुमाल आहेत. त्याच गावचा, सहा-सात सालं पुढचा, जमिनींच्या तपशिलाचा एखादा झाडा, एखादी जमाबंदी. सापडेल याची खात्री नाही.

“हुडकते,” म्हणाले.

फोन ठेवून रेघेखाली आणखी एक ओळ टांगली.